उजवीकडे कललेली गाडी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्या मोटरसायकली डावीकडे कलून उभ्या असतात. माझी एकटीच उजवीकडे कलते. त्यामुळे शेजारच्या गाडीच्या आरशाला तिचा आरसा रोज लागतो, आणि त्या गाडीचे मालक, जे मुळातच कुरकुऱ्या स्वभावाचे आहेत, मला लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "भाईसाब, आपकी गाडी सीधी नहीं खड़ी हो सकती क्या?" मी म्हणतो, "नहीं हो सकती. बनानेवाला ही ऐसा है." ते हसत नाहीत. मी मात्र चौथ्या मजल्यापर्यंत हसत जातो.

बनवणारा मीच. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने नेला. म्हणजे पाय जागेवर आहे, फक्त त्याने कामावर यायचं सोडून दिलं. चालताना गुडघ्यावर हात ठेवून त्याला बरोबर घ्यावं लागतं. बाकी आमचं दोघांचं बरं चाललंय. पण मोटरसायकलचा गिअर असतो डाव्या पायात, साइड स्टँड असतं डावीकडे, सिग्नलला थांबल्यावर लोक टेकवतात तोही बहुतेक डावाच पाय. सगळ्या मोटरसायकली मला टाळण्यासाठीच बनवल्या आहेत, असं माझं तरुणपणापासूनचं ठाम मत होतं.

म्हणून मी मागे बसलो. आयुष्यभर, दादाच्या मागे.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून बराच मोठा. आम्ही मुंबईतून भाईंदरच्या नवघरला राहायला आलो तेव्हा तो मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत न्यायचा. मग त्याने हाताच्या गिअरची स्कूटर घेतली आणि माझीही बढती झाली. कॉलेज, दवाखाना, पहिल्या नोकरीची मुलाखत, मुलगी बघायचा कार्यक्रम, सगळीकडे मी दादाच्या मागून गेलो. स्कूटरला त्याने डाव्या बाजूने एक रुंद पत्रा वेल्ड करून घेतला होता, माझा पाय लोंबकळू नये म्हणून. लग्नाच्या दिवशी गोडदेवच्या हॉलपर्यंत मी मुंडावळ्या बांधून त्याच्या मागेच बसून गेलो, आणि फोटोग्राफरने नेमका तोच फोटो मोठा करून दिला. बायको अजूनही ऐकवते, "फोटो बघून आमच्या आत्याला वाटलेलं, पुढे बसलाय तोच नवरा."

दादा प्रेमळ आहे, पण त्याचं प्रेम हुकमाच्या स्वरूपात बाहेर पडतं. नीट बस. पाय आत घे. शर्ट धरू नकोस, फाटतो, खांदा धर. एवढं सगळं ऐकूनही मला मागे बसायला आवडायचं, कारण वळणं आवडायची. वळण आलं की गाडी झुकते, तिच्याबरोबर आपण झुकतो, पोटात किंचित खड्डा पडतो आणि मग सगळं पुन्हा सरळ होतं. जमिनीवर चालताना माझा तोल रोज मला दमवतो. वळणावर मात्र तोल जातोय की काय असं वाटता वाटता तो सांभाळला जायचा, आणि त्यात मला फार मजा यायची.

मध्यंतरी मी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली. उपयोगी वस्तू आहे. माझ्यासारखे कितीतरी जण तिच्यावर नोकरीधंदा करतात, मीही केला. पण ती वळताना झुकत नाही. टेबल ढकलत नेल्यासारखी वळते. एका रविवारी मी ती विकली आणि घरी येऊन जाहीर केलं की, मी मोटरसायकल बनवतोय. बायको म्हणाली, "बरं. जेवून बनवताय की आधी?"

खरं सांगायचं तर मला नुसती मोटरसायकल नको होती. मला दादाला मागे बसवायचं होतं. एकदा तरी. अर्धं आयुष्य मी त्याची पाठ बघितली. आता एक दिवस त्याने माझी बघावी, एवढीच इच्छा. दादा रिटायर झालेला, गुडघे कुरकुरायला लागलेले, तरी स्कूटर सोडत नव्हता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मी कुणाच्याच मागे बसत नाही," तो म्हणाला. "आणि असल्या गाडीवरून पडलास तर मला फोन करू नकोस." मी पडलो असतो तर पहिला तोच धावत आला असता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी भाईंदरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करतो. डब्यांची झाकणं, कढईचे कान, पातेल्यांचे काठ यांची ड्रॉइंग काढतो. आमचे शेठ कच्छी, मनाने मोठे. सुट्टीच्या दिवशी गाळा वापरू देता का विचारलं तर म्हणाले, "वापरो ने! पण मशीन चालू ठेवून घरी जायचं नाही." काशीगावच्या एकाकडून मी एक जुनी बटनस्टार्ट मोटरसायकल कागदपत्रांसह घेतली आणि टेम्पोत घालून गाळ्यात आणली. पहिल्याच दिवशी ती इतकी खोलली की जमिनीवर नुसते नट-बोल्ट आणि मधोमध मी. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण आनंदाने.

पुढचे कित्येक रविवार असेच गेले. इंजिनाखालून एक आडवा रॉड टाकून गिअर मी डावीकडून उजव्या पायात आणला. उजव्या पायातला मागचा ब्रेक हातात आणला, क्लचच्या वर एक छोटा लिव्हर बसवून. साइड स्टँड उजवीकडे. सीट इतकी खाली की उजवा पाय पूर्ण टेकावा. ती सीट रिक्षांची सीटं शिवणाऱ्याकडून शिवून घेतली, त्यामुळे तिला मागे लाल पायपिनची किनार आहे, नको म्हटलं तरी त्याने लावलीच. मडगार्ड आमच्याच पत्र्याचे, आणि पॉलिशच्या मशीनवर धरले तेव्हा माझा हात आवरला नाही. उन्हात गाडी उभी असली की बायका तिच्याकडे मायेने बघतात. घरातल्या डब्यांची आठवण येत असणार.

असे बदल केले की आरटीओची परवानगी लागते, ती रीतसर घेतली. तपासायला आलेल्या साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून आडवा रॉड बघितला आणि विचारलं, "कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?" मी म्हणालो, "भांड्यांच्या." त्यांनी मला चालवायला लावलं, चालवून दाखवली, पास झाली.

एक गोष्ट मात्र माझ्या ड्रॉइंगमध्ये उलटी झाली होती. आडव्या रॉडमुळे गिअरचा क्रम फिरला. लोकांच्या असल्या गाडीत दाबलं की पुढचा गिअर पडतो, माझ्या गाडीत मागचा. पहिल्या चाचणीला मी वेग वाढवायला म्हणून पाय दाबला आणि गाडी अशी कण्हली की इस्टेटचा वॉचमन खुर्चीतून उठला. दुरुस्त करता आलं असतं. पण चार दिवसांत पायाला सवय झाली आणि मी म्हटलं, राहू दे. नाहीतरी या गाडीत लोकांसारखं काय उरलं होतं?

आता आनंदाबद्दल. सकाळी लवकर, दुधाच्या गाड्या फिरत असतानाच, मी नवघर रोडने पहिल्यांदा एकटा निघालो. दुसरा गिअर, तिसरा गिअर. आणि एकदम लक्षात आलं की खाली दोनच चाकं आहेत आणि समोर कोणाची पाठ नाही. नुसता रस्ता. मला इतकं मोकळं वाटलं की मी मोठ्याने हसलो, आणि शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने काळजीने माझ्याकडे बघितलं. त्यात ही गाडी माझ्या ओळखीची. कुठला आवाज कुठल्या बोल्टचा, हे मला ऐकू येतं. हँडलला कंप आला की कळतं, तो वायसर मीच कापला होता, जरा मोठा कापायला हवा होता. विकतच्या गाडीवर माणूस बसतो; या गाडीत मी सगळीकडे होतो. पुढच्या वळणाला मी झुकलो. सायन्सचा कुठलाही नियम न मोडता ती माझ्याबरोबर झुकली, आणि मी तेच वळण घ्यायला परत फिरून आलो. ऑफिसला उशीर झाला. माझा चेहरा बघून शेठनी चहा मागवला.

दोन-चार आठवडे असे फिरल्यावर वहिनीने दादाला टोचायला सुरुवात केली. ती स्वतः एकदा येऊन गाडी बघून गेली होती. "अहो, तो बिचारा कधीपासून म्हणतोय. एक चक्कर मारून या. तुमची काय शान कमी होणार आहे?" दादाने पुष्कळ टाळलं आणि मग एका रविवारी सकाळी तो स्वतःचं हेल्मेट घेऊन आमच्या पार्किंगमध्ये हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून. बायको गॅलरीतून बघत होती. कुरकुरे शेजारीही फडकं घेऊन उगाच आपली गाडी पुसत होते.

मी बसलो. गाडी चालू केली. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय सीटवरून पलीकडे टाकला आणि तो पाय हवेतच राहिला. त्याने खाली बघितलं. मग दुसऱ्या बाजूला बघितलं.

"पाय कुठे ठेवू?" दादा म्हणाला.

मी वळून बघितलं. मागच्या माणसाला पाय ठेवायला गाडीला फूटरेस्टच नव्हते. जुने काढून टाकले होते आणि नवे बसवायचे राहिले होते. राहिले म्हणजे काय, ड्रॉइंगमध्येच नव्हते. गाडीत जे जे असतं ते सगळं मी कागदावर काढलं होतं, आणि जन्मभर मागे बसलेला माणूस मी, मागे बसणाऱ्याचे पायच विसरलो. मागे पाय ठेवायची सोय करणं हे काम आमच्या घरात दादाचं होतं. माझ्या डोक्यात ते कधी शिरलंच नव्हतं.

"तुला बसवायचंच नव्हतं तर बोलावलंस कशाला?" असं म्हणून दादा उतरला. हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि तो चालत गोडदेवला, आपल्या घरी निघाला. शेजाऱ्यांचं पुसणं थांबलं. मला इतकी लाज वाटली की गाडी बंद करायचंही सुचलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी फूटरेस्ट बसवायला गाळ्यात गेलो तर दादा शटरजवळ उभा. वहिनीने पाठवलं म्हणाला. तो स्टँडवरच्या गाडीवर चढून बसला, आणि मी खाली बसून खडूने खुणा करायला लागलो.

"डावा जरा पुढे घे," दादा वरून म्हणाला. "अजून. माझा गुडघा दुमडत नाही तेवढा."

मी डावा पुढे घेतला. त्याने पाय ठेवून बघितला, पुन्हा मागे घ्यायला लावला, पुन्हा पुढे. जेवायची वेळ टळून गेली. असलं किरकिरं गिऱ्हाईक मी गाळ्यात कधी पाहिलं नाही. पण मनातून मी खूश होतो, कारण उगाच कोणी एवढ्या खुणा करून घेत नाही.

मग थंडीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. रेल्वेवरच्या पुलावरून पश्चिमेला, तिथून उत्तनच्या रस्त्याला. निघाल्यापासून दादा मागे बसून गाडी चालवत होता. "खड्डा. बस येतेय. हॉर्न मार. अरे, हळू." तेही मी ऐकून घेतलं असतं, पण खरी पंचाईत वळणावर झाली. मी डावीकडे झुकलो की दादा उजवीकडे झुकायचा. गाडी पडतेय असं वाटून तो तिला सावरायला जायचा आणि सगळं गणित बिघडवायचा. दोन वळणं मी कशीबशी काढली. तिसऱ्याला आम्ही रस्त्याच्या कडेच्या शेवाळलेल्या भिंतीच्या इतके जवळ गेलो की दादाचा गुडघा आत आला. मी गाडी थांबवली.

"तुला मागे बसता येत नाही," मी म्हणालो.

"मागे बसण्यात काय येण्यासारखं आहे?"

"आहे. मी आयुष्यभर केलंय ते." आणि मी त्याला शिकवलं. जिकडे वळायचं असेल तिकडच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघ. मी झुकलो की झूक, जास्त नको, कमी नको. गाडीला सावरू नकोस, ती माझ्याकडे आहे. दादाने तोंड वाकडं करून ऐकून घेतलं. दादाला मी काही शिकवलं असेल असा हा पहिलाच प्रसंग, आणि मीही जरा मास्तरी आवाज काढला, नाही असं नाही.

चढ लागला. वारा गार, खाली समुद्र दिसायला लागलेला. पहिल्या वळणाला तो थोडा अडखळला. दुसऱ्याला माझ्याबरोबर झुकला. तिसऱ्याला तर मला मागे कोणी आहे हेच जाणवलं नाही, इतका तो नीट बसला होता. सूचना थांबल्या होत्या.

पण दादा तो दादाच. खाली कोळीवाड्यापाशी उतरलो, चहा प्यायलो आणि तो म्हणाला, "दे, मी बघतो चालवून."

"तुला जमणार नाही."

"पस्तीस वर्षं गाडी चालवतोय मी."

मी किल्ली दिली. बोंबील वाळत घातलेल्या मोकळ्या मैदानाशेजारून सरळ, रिकामा रस्ता होता. मी त्याला सगळं सांगितलं, गिअर उजवीकडे, उलटा, ब्रेक हातात. तो हो हो म्हणाला, म्हणजे त्याने ऐकलं नव्हतं. निघाला. दुसऱ्या गिअरमध्ये गेला, ऐटीत. मग समोर एक कुत्रं आडवं आलं आणि दादाने जन्मभर जिथे ब्रेक होता तिथे, उजव्या पायाने, जोरात दाबलं. तिथे गिअर होता. गाडीला हिसका बसला, ती दोन पावलं उडाल्यासारखी गेली आणि बंद पडली. कुत्रं केव्हाच निघून गेलं होतं. दादा पाय टेकून उभा, हेल्मेट कपाळावर घसरलेलं.

बोंबील उलटेपालटे करणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. ती दादाला म्हणाली, "गाडी तुजी न्हाय वाटतं."

"नाही," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याची आहे. ह्यानेच बनवलीय."

मी गुडघ्यावर हात ठेवून तिथपर्यंत चालत गेलो. दादा उतरला, हेल्मेट सरळ केलं आणि मी बसायची वाट बघत उभा राहिला. परत येताना सगळी वळणं आम्ही दोघांनी मिळून घेतली.

दादाच्या घरी पोचल्यावर त्याच्याकडून कौतुकाचा शब्द नाही. उतरला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "हॉर्न बारीक आहे." वहिनीने वरून विचारलं, कशी झाली चक्कर? "झाली," एवढंच. मला वाटलं, ठीक आहे, एकदा बसला, माझी हौस फिटली. पुरे.

त्यानंतर काही दिवसांनी, मी जेवत असताना दादाचा फोन आला.

"उद्या सकाळी काय करतोयस?"

"ऑफिसला जातोय."

"मग जाता जाता मला स्टेशनला सोडशील का?"

मला वाटलं, काहीतरी झालंय. "का रे? स्कूटर बिघडली का तुझी?"

"स्कूटरला काय धाड भरलीय? खाली उभी आहे. टाकी भरलेली आहे."

"मग?"

"मग काय मग? सोडतोस की नाही ते सांग. नाहीतर रिक्षा करतो."

माझा घास हातातच राहिला. सोडशील का, हा प्रश्न मी जन्मभर विचारत आलो. दादाला, मित्रांना, ऑफिसातल्या लोकांना, कधी कधी ओळखदेख नसलेल्यांनाही. विचारताना आवाज कसा ठेवायचा, समोरचा नाही म्हणाला तर चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं मला पाठ आहे. पण मला कोणी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारणार तरी कोण आणि कशाला? त्याला काय उत्तर द्यायचं असतं, तेच मला चटकन सुचेना. बायको समोरून खुणेने विचारत होती, काय झालं, आणि माझे डोळे भरून आले होते ते तिला दिसत होतं.

"अरे, ऐकतोयस ना?" दादा तिकडून ओरडला.

"हो," मी म्हणालो. "किती वाजता येऊ?"